२० हिवाळे बर्फातून टपाल वाहिलं, पण या पोस्टमनला सरकारनं दमडीही दिली नाही

३ जानेवारी १८५६. कॅलिफोर्नियातलं प्लेसरव्हिल नावाचं गाव. सोन्याच्या नादानं वसलेलं, त्यामुळं तऱ्हेवाईक माणसांची गावाला सवय होती. पण त्या दिवशी पोस्टापाशी उभा असलेला माणूस बघून तिथल्या लोकांनीही तोंडात बोटं घातली.

२८ वर्षांचा उंचापुरा गडी. पायाला लाकडाच्या दोन फळ्या बांधलेल्या. एकेक फळी दहा फूट लांब. हातात तसाच लांबलचक दांडा आणि पाठीवर टपालाची थैली.

या गड्याला जायचं होतं सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पलीकडं, कार्सन व्हॅलीत. अंतर ९० मैल, म्हणजे जवळपास १४५ किलोमीटर. आपल्याकडचं पुणे ते मुंबई धरा. फक्त मध्ये एक्स्प्रेसवे नाही, फूडमॉल नाही, रस्ताही नाही. होता तो सगळा बर्फाखाली. वाटेत साडेसात हजार फुटांच्या आसपास उंचीच्या खिंडी. आपलं कळसूबाई ५४०० फुटांचं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

सोबत कुणी नाही. तंबू नाही, बंदूक नाही, अंगावर घ्यायला घोंगडंसुद्धा नाही.

गावातल्या बहुतेकांनी मनातल्या मनात त्याला शेवटचा रामराम केला होता. पाच दिवसांनी तो परत आला. जाताना तीन दिवस, येताना दोन. पाठीवर पलीकडच्या लोकांनी दिलेली पत्रं होती.

त्याचं नाव जॉन थॉम्पसन. पुढं अख्खा अमेरिकेचा पश्चिम भाग त्याला स्नोशू थॉम्पसन म्हणून ओळखायला लागला.

आता मुळात या माणसाला असं काही करायची गरज का पडली, ते समजून घ्यायला हवं.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगभरातून लाखो लोक तिकडं पळाले. पण कॅलिफोर्निया आणि उरलेली अमेरिका यांच्या मध्ये सिएरा नेवाडा आडवी पसरलेली होती. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थच बर्फाळ डोंगररांग असा होतो. पॅसिफिक महासागरावरून ओलसर वारे येतात, या डोंगरांना धडकतात, वर चढतात आणि थंड होऊन आपल्याकडचा सगळा ओलावा तिथंच टाकतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळी ढग जे करतात तेच. फरक एवढाच, की तिकडं हे हिवाळ्यात होतं आणि पावसाऐवजी बर्फ पडतो. तोही थोडाथोडका नाही. एकाच वादळात माणसाच्या उंचीएवढा थर साचतो.

बरं, वसंत ऋतू आला की सुटका होते असंही नाही. मार्च-एप्रिलमध्ये वर बर्फ तसाच असतो, फक्त त्याचा स्वभाव बदलतो. रात्री गोठून तो काचेसारखा कडक होतो आणि दुपारी ऊन लागलं की त्याचा चिखल होतो. सकाळी पाय घसरतो, दुपारी पाय रुततो. मध्येच हवा फिरली तर पुन्हा नवा बर्फ वर येऊन बसतो आणि मग उतारावरचा कुठला थर कधी खाली सरकेल याचा नेम नसतो.

या डोंगरांची दहशत काय होती याचं एक उदाहरण बास आहे. १८४६ च्या हिवाळ्यात डोनर नावाच्या कुटुंबाचा काफिला इथं अडकला. ८७ माणसं होती. त्यातली जवळपास निम्मी मेली आणि वाचलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाऊन दिवस काढले. थॉम्पसन निघाला तेव्हा या घटनेला पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ती गोष्ट माहीत होती.

डोंगरापलीकडं कार्सन व्हॅलीत मॉर्मन लोकांची आणि शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. आज तिथलं जेनोआ हे गाव नेवाडा राज्यात येतं, तेव्हा तो भाग युटा टेरिटरीत होता. हिवाळा लागला की या लोकांचा कॅलिफोर्नियाशी संबंध तुटायचा. त्याआधी काही जणांनी पायाला जाळीचे स्नोशू बांधून टपाल न्यायचा प्रयत्न केला होता. जाळीचा स्नोशू म्हणजे टेनिसच्या रॅकेटसारखी गोष्ट. तो पाय रुतू देत नाही, पण घसरूही देत नाही. त्यामुळं प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं. उतारावरसुद्धा. माणूस थकून जायचा आणि टपाल वेळेत पोहोचायचं नाही.

शेवटी टपाल न्यायला कुणी तयार आहे का, अशी जाहिरात पेपरात आली. सॅक्रामेंटोच्या पेपरातली ती जाहिरात थॉम्पसननं वाचली, असं सांगतात. आणि त्याला आपलं लहानपण आठवलं.

कारण हा पठ्ठ्या मूळचा अमेरिकेचा नव्हताच.

३० एप्रिल १८२७ ला नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात, टिन नावाच्या डोंगराळ परगण्यात त्याचा जन्म झाला. खरं नाव यून टॉर्स्टाइनसन रुए. टॉर्स्टाइनसन म्हणजे टॉर्स्टाइनचा मुलगा. अमेरिकेत गेल्यावर त्याचंच थॉम्पसन झालं.

टेलेमार्कला आज स्कीइंगचं माहेरघर म्हणतात. आधुनिक स्कीइंगचा जनक समजला जाणारा सोंद्रे नूरहाइम याच भागातला आणि थॉम्पसनपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. (जाता जाता, थॉम्पसनच्या याच टिन परगण्यात दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातला जड पाण्याचा कारखाना नॉर्वेच्या कमांडोंनी उडवला होता. तेही स्कीवरूनच आले होते आणि स्कीवरूनच पसार झाले.) तिकडच्या पोरांना चालायला आणि स्की करायला जवळपास एकाच वेळी शिकवतात.

यून लहान असतानाच वडील गेले. तो १० वर्षांचा असताना घरातली माणसं बोटीत बसून अमेरिकेला आली. इलिनॉय, मिसूरी, आयोवा, विस्कॉन्सिन असा या राज्यातून त्या राज्यात मुक्काम हलत राहिला. १८५१ मध्ये २४ वर्षांचा थॉम्पसन दुभत्या गायींचा कळप हाकत कॅलिफोर्नियात पोहोचला. आला तसा इतरांसारखंच सोनं शोधू लागला. हाताला फार काही लागलं नाही. मग पुटा क्रीक नावाच्या ओढ्याकाठी त्यानं थोडी जमीन घेतली आणि शेती सुरू केली.

तिथं असतानाच त्यानं ओकचं लाकूड फाडून, आठवणीतल्या नमुन्यावरून स्वतःची स्की जोडी बनवली. ओकचं ओलं लाकूड भयंकर जड. ही पहिली जोडी ११ किलोंच्या वर भरली. त्या वेळी अमेरिकेत स्की हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, त्यामुळं लोक या फळ्यांना नॉर्वेचे स्नोशू म्हणायचे. थॉम्पसनचं टोपणनाव तिथून आलं. म्हणजे ज्या स्नोशूवरून त्याचं नाव पडलं, ते त्यानं कधी घातलेच नव्हते.

आता हा माणूस नेमका जायचा कसा?

सिएरा नेवाडाचा आकार एखाद्या कलत्या पाटासारखा आहे. पश्चिमेकडून, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बाजूनं, चढ लांबच लांब आणि हळूहळू वाढणारा. पूर्वेकडं मात्र एकदम कडा तुटल्यासारखा उतार. त्यामुळं जाताना थॉम्पसनला दोन-अडीच दिवस चढतच राहावं लागायचं. येताना पूर्वेचा उभा चढ एकदा संपवला की पुढं घसरगुंडीच घसरगुंडी. तीन दिवस आणि दोन दिवस, हा हिशोब तिथून आला.

फळ्यांना पाय फक्त पुढून, बोटांपाशी चामड्याच्या पट्ट्यानं अडकवलेला असायचा. टाच मोकळी. त्यामुळं चढावर पाय घासत पुढं सरकता यायचं. उतारावर मात्र ही मोकळी टाच म्हणजे जिवाशी खेळ. खाणीतले इतर लोक स्कीवरून उतरताना हातातला दांडा दोन पायांच्या मध्ये धरून त्यावर बसायचे आणि ब्रेक लावायचे. थॉम्पसनला हे मान्य नव्हतं. तो डोंबाऱ्याच्या दोरीवरच्या खेळासारखा दांडा दोन्ही हातात आडवा धरायचा आणि तोल सांभाळत झाडांमधून, दगडांवरून सुसाट खाली यायचा. ज्यांनी पाहिलं त्यांनी हे वर्णन आयुष्यभर सांगितलं.

पाठीवरचं वजन २७ किलोंपासून ४५ किलोंपर्यंत. म्हणजे तांदळाचं जवळपास एक पोतं. एवढं टपाल असताना स्वतःचं सामान नेणार कुठं? म्हणून त्यानं सामानच नेलं नाही. अंगावर जाड लोकरी कोट, डोक्यावर रुंद काठाची टोपी. खिशात काड्यापेटी. खायला वाळवलेलं मांस आणि कडक बिस्किटं. पाणी ओढ्याचं, नाहीतर बर्फाचं. उन्हात बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशानं डोळे जाऊ नयेत म्हणून तोंडावर कोळसा चोळलेला.

घोंगडं न नेण्यामागं त्याचा साधा विचार होता. घोंगड्याचं वजन वाहण्यात जी ताकद जाते, ती चालण्यात घालवली तर अंग आपोआप गरम राहतं. वाचायला सोपं वाटतं. उणे तापमानात, अंधारात, एकट्यानं हे पटवून घेणं वेगळं.

झोपायची वेळ आली की तो एखादा वाळलेला पाइनचा बुंधा शोधायचा. आधी तो कुठल्या बाजूला कललाय ते नीट बघायचा, कारण जळता जळता झाड अंगावर पडलं तर खेळ खल्लास. मग त्याला आग लावायची, बर्फावर फांद्या अंथरायच्या, उशाला टपालाची थैली घ्यायची आणि आगीकडं पाय करून आडवं व्हायचं.

आणि हवामान खराब झालं तर?

डोंगरातली वादळं सांगून येत नाहीत. समोरचं झाडही दिसेनासं होतं, वारा बर्फ उचलून तोंडावर मारतो, वर आणि खाली यातला फरकही कळत नाही. अशा वेळी चालत राहणं म्हणजे कड्यावरून खाली जायचं आमंत्रण. थॉम्पसन मग वाऱ्यानं बर्फ झाडून टाकलेला एखादा सपाट खडक गाठायचा. आणि त्यावर चक्क नाचायचा. गावाकडं लहानपणी पाहिलेले नॉर्वेचे लोकनाच. तासन् तास. थांबलं की रक्त गोठणार, म्हणून थांबायचंच नाही. वादळ ओसरलं की पुढची वाट.

वाट कशी सापडायची, हा प्रश्न त्याला कायम विचारला जायचा. त्याच्याकडं होकायंत्र नसायचं. रात्री तारे, दिवसा ओढ्यांची दिशा, झाडांचा आणि खडकांचा आकार, वारा. आपण कधी हरवतच नाही, असं तो ठामपणे सांगायचा. त्याच्या बाबतीत ते खरंही निघालं.

पण थॉम्पसनचं नाव घराघरात गेलं ते टपालामुळं नाही, एका जीव वाचवण्यामुळं.

डिसेंबर १८५६. नेहमीप्रमाणं टपाल घेऊन तो चालला होता. टाहो सरोवराजवळच्या लेक व्हॅलीत एक रिकामी झोपडी होती, वाटेवरचा निवारा म्हणून ओळखीची. तिथून जाताना त्याला आतून आवाज आला.

आत जेम्स सिसन नावाचा माणूस पडला होता. बारा दिवसांपासून. डोंगर ओलांडताना त्याचे पाय गोठले होते आणि बूट पायालाच चिकटून बसले होते. सुरुवातीचे काही दिवस त्याच्याकडं आग पेटवायलाही काही नव्हतं. झोपडीत थोडं पीठ होतं, ते कच्चंच खाऊन तो जगला. पाय काळेनिळे पडले होते. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडीनं आपले पाय आपणच तोडायचे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

थॉम्पसननं लाकडं फोडली, आग पेटवली, त्याला धीर दिला. एकट्यानं त्याला उचलून नेणं शक्य नव्हतं. दहा फुटी फळ्यांवर पाठंगुळीला मोठा माणूस घेऊन उभा उतार उतरणं म्हणजे दोघंही गेले असते. म्हणून तो तसाच रात्री निघाला आणि जेनोआला पोहोचला. तिथं त्यानं माणसं गोळा केली. सहा जण तयार झाले.

अडचण एकच. या सहा जणांपैकी कुणीही आयुष्यात स्कीवर पाय ठेवला नव्हता. थॉम्पसननं त्यांच्यासाठी घाईघाईत स्की बनवल्या, कशा चालवायच्या ते दाखवलं आणि ही फौज घेऊन परत डोंगर चढला.

सगळे झोपडीत पोहोचले तर रात्रीत पुन्हा बर्फ पडला. ताज्या भुसभुशीत बर्फात घसरगाडी रुतायला लागली. तरीही खेचत, ढकलत सिसनला जेनोआला आणलं. डॉक्टर म्हणाले, पाय कापावे लागतील. पण भूल द्यायला क्लोरोफॉर्म नाही आणि त्याशिवाय कापणार नाही.

क्लोरोफॉर्म कुठं मिळणार? डोंगरापलीकडं.

थॉम्पसन पुन्हा निघाला. प्लेसरव्हिलला पोहोचला, तर तिथंही औषध नव्हतं. मग आणखी पुढं सॅक्रामेंटोला. तिथं मिळालं. ते घेऊन परत अख्खी सिएरा ओलांडून जेनोआ. मधल्या सगळ्या फेऱ्या जोडल्या तर एका अनोळखी माणसासाठी तो काही दिवसांत शेकडो मैल बर्फातून गेला होता. सिसनचे पाय गेले, पण जीव वाचला.

या फेऱ्यांचे त्यानं कुणाकडून पैसे मागितल्याची नोंद नाही. या माणसाचा हा गुण म्हणावा की दोष, हे पुढं वाचून ठरवा.

टपालाच्या थैलीतून काय काय जायचं? पत्रं तर होतीच. शिवाय औषधं, कपडे, अवजारं, वर्तमानपत्रं. १८५८ मध्ये जेनोआला टेरिटोरिअल एंटरप्राइज नावाचं वर्तमानपत्र सुरू झालं, त्याच्या छपाईचे खिळे थॉम्पसननंच पाठीवरून आणले, असं सांगतात. शिशाचे खिळे. वजन कल्पना करा. पुढं याच पेपरात मार्क ट्वेन बातमीदार म्हणून लागला आणि लेखक म्हणून नावारूपाला आला.

१८५९ मध्ये कार्सन व्हॅलीजवळच्या डोंगरात सोनं शोधणाऱ्यांना एक निळसर चिखल सतावत होता. तो काय आहे ते तपासायला नमुना कॅलिफोर्नियात गेला आणि कळलं की ती चांदी आहे. हीच ती कॉमस्टॉक लोड, अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या चांदीच्या खाणींपैकी एक. तो नमुना थॉम्पसनच्या थैलीतून गेला असं त्याचे चाहते सांगतात. हा मान इतरांनाही दिला जातो, त्यामुळं या दाव्यावर पैज लावायला नको.

तशी त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २० वर्षं दर हिवाळ्यात तो एकटाच सगळं टपाल वाहत होता, असं चित्र अनेकदा रंगवलं जातं. तसं नव्हतं. १८५७-५८ पासून डोंगरातली वाट सुधारत गेली, घोडागाड्या आल्या, बर्फात घसरगाड्या चालू लागल्या. १८६० मध्ये पोनी एक्स्प्रेस आली. १० मे १८६९ ला तर रेल्वेच सिएरा ओलांडून उरलेल्या अमेरिकेला जोडली गेली. सगळ्यात जीवघेणे हिवाळे पहिले दोन-तीनच. पण जिथं गाडी पोहोचत नव्हती अशा खाणीच्या गावांचं टपाल त्यानं शेवटपर्यंत, १८७६ पर्यंत सोडलं नाही.

मधल्या काळात त्यानं कॅलिफोर्नियाच्या अल्पाइन काउंटीत डायमंड व्हॅली इथं शेतजमीन घेतली. १८६६ मध्ये अॅग्नेस सिंगलटनशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, आर्थर. काउंटीच्या कारभारी मंडळावरही तो निवडून गेला. म्हणजे उन्हाळ्यात शेतकरी, हिवाळ्यात पोस्टमन आणि मधल्या वेळेत पुढारी.

१८६९ मध्ये त्याला एक जबर धक्का बसला. उत्तरेकडच्या ला पोर्ट भागात खाणकामगारांच्या स्की शर्यती व्हायच्या. पैजा लागायच्या, गर्दी व्हायची. थॉम्पसन तिथं गेला तो राजासारखा आणि हरून परत आला.

कारण तिथला खेळच वेगळा होता. सरळ उभा उतार, वळण नाही, अडथळा नाही. खेळाडू अंग मुडपून बसायचे आणि बंदुकीच्या गोळीसारखे खाली यायचे. आणि त्यांचं खरं गुपित फळीच्या तळाला होतं. देवमाशाचं मेण, पाइनचा चीक, कापूर असलं काय काय उकळून ते एक वंगण बनवायचे. त्याला ते डोप म्हणायचे. सकाळच्या कडक बर्फाला वेगळं, दुपारच्या ओल्या बर्फाला वेगळं. प्रत्येकाचा फॉर्म्युला गुप्त. थॉम्पसनच्या फळ्या मात्र कोरड्या. जगातल्या भल्याभल्यांना ज्याचं कौतुक, तो माणूस खाणीतल्या पोरांच्या मागं राहिला.

हे त्याला पचलं नाही. त्यानं पेपरातून उलट आव्हान दिलं. आखलेल्या उतारावर नाही, खऱ्या डोंगरावर या. झाडं, कडे, उड्या, सगळं असेल तिथं. आव्हान घ्यायला कुणीच आलं नाही. वयाच्या चाळिशीत हरल्यावर माणूस जरा चिडतो, थॉम्पसनही त्याला अपवाद नव्हता.

पण यापेक्षा मोठी हार त्याला वॉशिंग्टनमध्ये मिळायची होती.

विषय पैशांचा होता. त्या काळात अमेरिकेचं टपाल खातं दूरच्या मार्गांवरचं टपाल खासगी कंत्राटदारांना द्यायचं. बोली लागायची, करार व्हायचा, त्या करारावर पैसे मिळायचे. थॉम्पसननं काम सुरू केलं ते गरज बघून. गावातल्या पोस्टमास्तरनं सांगितलं, पैसे येतील असं सगळ्यांना वाटलं, थॉम्पसननं थैली उचलली. लेखी करार कुणी केलाच नाही. पुढं एकदा टपाल नेलं की पुढच्या आठवड्यातलंही न्यावं लागतं, कारण पलीकडं माणसं वाट बघत असतात.

वर्षं गेली. पैसे आले नाहीत.

१८६९ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळानं ठराव केला, की या माणसाला केंद्र सरकारनं ६००० डॉलर द्यावेत. तेव्हाच्या मानानं रक्कम चांगली होती, पण इतक्या वर्षांच्या कामाला भागली तर कशीबशीच पुरणारी. ठराव वॉशिंग्टनला गेला आणि तिथं पडून राहिला.

मग १८७२ मध्ये थॉम्पसन स्वतःच निघाला. या वेळी रेल्वेनं, सभ्य माणसासारखा. आणि नशीब बघा, वायोमिंगमध्ये बर्फाच्या वादळात रेल्वेच अडकली. दिवस जाऊ लागले, गाडी हलेना. थॉम्पसन खाली उतरला आणि चालत निघाला. आधी लॅरामीपर्यंत ३५ मैल, मग तिथून शायेनपर्यंत आणखी ५६ मैल. ऐन थंडीत, उघड्या माळरानावर. शायेनला त्याला पुढची गाडी मिळाली. ज्या वाफेच्या इंजिनानं त्याची गरज संपवली होती, ते बर्फात रुतून बसलं आणि हा ४४ वर्षांचा माणूस पायी पुढं गेला. पेपरवाल्यांना याच्यापेक्षा चांगली बातमी काय पाहिजे होती? त्याच्यावर रकानेच्या रकाने भरले.

वॉशिंग्टनमध्ये त्याचं कौतुक झालं. भेटी झाल्या, आश्वासनं मिळाली. पण कागद विचारला गेला आणि कागद नव्हता. अधिकाऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर करार नसताना पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे हा प्रश्न खोटा नव्हता. पण दुसऱ्या बाजूला, त्याच सरकारचं टपाल त्यानं पोहोचवलं होतं आणि ते घेताना करार आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं. प्रकरण या समितीकडून त्या समितीकडं गेलं आणि तिथंच विरलं. थॉम्पसन रिकाम्या हातानं घरी आला. आणि हिवाळा लागल्यावर पुन्हा टपाल उचलायला गेला.

हे शेवटचं वाक्य समजायला जरा अवघड आहे. पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावरही माणूस परत का जातो? सवय, हट्ट, लोकांची आस, की त्या डोंगराची ओढ? त्यानं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. त्याच्याबद्दल जे कळतं ते बरंचसं डॅन डी क्विल नावाच्या पत्रकारामुळं. टेरिटोरिअल एंटरप्राइजमध्ये मार्क ट्वेनचा सहकारी असलेला हा माणूस थॉम्पसनला भेटला, त्याच्याकडून एकेक प्रसंग ऐकले आणि लिहून काढले. तो नसता तर खडकावर नाचणारा पोस्टमन आज कुणाला माहीत नसता.

१८७६ चा वसंत ऋतू आला. डायमंड व्हॅलीत पेरणीचे दिवस होते. थॉम्पसनच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं एवढं की चालता येईना. तर या माणसानं घोड्यावर बसून शेतात बी फेकलं आणि पेरणी पुरी केली. नंतर त्यानं अंथरूण धरलं. आज त्या आजाराला अपेंडिक्स म्हणतात, तेव्हा त्याच्यावर इलाज नव्हता. त्यात न्यूमोनिया झाला. १५ मे १८७६ ला तो गेला. वय ४९ वर्षं.

ज्या जेनोआत तो पहिल्यांदा टपाल घेऊन उतरला होता, तिथल्याच दफनभूमीत त्याला पुरलं. दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, ११ वर्षांचा आर्थर घटसर्पानं गेला. त्याला वडिलांच्या शेजारी जागा मिळाली.

अॅग्नेसनं नवऱ्याच्या कबरीवर संगमरवरी दगड बसवला. त्यावर एकमेकांवर तिरक्या ठेवलेल्या दोन स्की कोरल्या आहेत. दगडावर नाव मात्र थॉमसन आहे, थॉम्पसन नाही. मधला प गळालाय. कॅलिफोर्निया आणि नेवाडात आज त्याचे पुतळे आहेत, जेनोआतही एक आहे.

ते ६००० डॉलर त्याच्या घरच्यांना कधीच मिळाले नाहीत.